खालचा थर

गवयाला टाळ्या मिळतात, चित्रकाराला निदान दाद मिळते. काही व्यवसायांचे यश मात्र असे असते, की ते पुरते पदरी पडले म्हणजे कोणाच्या ध्यानातही येत नाही. गावाला पाणी सोडणारा माणूस हा त्यांतला एक. संगणकांच्या नेटवर्कची देखभाल करणारा इंजिनिअर हा त्याचाच आजचा धाकटा भाऊ.

माझा भाचा पुण्याला हिंजवडीत हे काम करतो. त्याची आई शेजारणींना सांगते, 'तो रात्रभर फोनवर असतो.' यापलीकडे तिला काही सांगता येत नाही, आणि ते त्याला लागते. म्हणून मी मराठीचा मास्तर असूनही त्याला विचारले, 'अरे, तू करतोस तरी काय?'

'मामा, दहीहंडीचे थर तपासतो,' तो म्हणाला.

नेटवर्कचे सात थर कल्पिलेले आहेत; १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने तो आराखडा प्रसिद्ध केला. तळाशी वायर आणि तिच्यातून धावणारे संकेत, सर्वांत वर आपण वापरतो तो प्रोग्रॅम. तक्रार येते ती नेहमी वरून. हंडी फुटली नाही एवढेच वरच्याला दिसते. पाय घसरलेला असतो बहुधा खालच्या कोणाचा तरी. तेव्हा पहिला प्रश्न, वायर नीट लागली आहे ना? पण मोठ्या साहेबाला असे विचारले तर तो रागावतो. मग म्हणायचे, 'साहेब, वायरीच्या टोकाला धूळ बसते. जरा काढून, फुंकर घालून पुन्हा लावता का?' क्षणभराने पलीकडून आवाज येतो, 'अहो, चालू झाले की!' कोणाचीच अब्रू जात नाही. व्यंजना मी वर्गात इतकी वर्षे शिकवतो. तिचा इतका रोकडा उपयोग मला ठाऊक नव्हता.

वायर ठीक असेल तर 'पिंग'. माईक मूस या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली हे साधन लिहिले आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिले. दूरच्या यंत्राला हाक मारायची, 'आहेस का रे?' ओ आली की वाट शाबूत. ओ आली नाही म्हणून मात्र ते मेले असे समजू नये. दारावरच्या पहारेकऱ्याला उत्तर न देण्याचा हुकूमही असू शकतो. मौनाचे इतके सावध अर्थ आपण टीकाकारसुद्धा लावत नाही!

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, आणि त्याबरोबर व्हॉट्सॲपही, सुमारे सहा तास बंद पडले. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचेच अंतर्गत जाळे तुटले, आणि दुरुस्तीची हत्यारेही त्याच जाळ्यावर! किल्ली घरात आणि कुलूप बाहेर. जगाला त्या दिवशी या लोकांची आठवण झाली.

एरवी यांचे काम मोजले जाते तिकिटांवर. तक्रार आली की तिकीट, मिटली की तिकीट बंद. पण मध्यरात्री एखाद्याने बिघाड होण्याआधीच टाळला, तर त्याचे तिकीट कोठले? अमेरिकेचा दिवस म्हणजे आपली रात्र. आपण अभ्यंगस्नानाला उठतो तेव्हा हा मुलगा अंथरुणावर पाठ टेकतो. पगार बरा असेल. पण झोपेची भरपाई पगाराने होत नाही.

वाचकहो, या दिवाळीत परदेशातला नातू पडद्यावर दिसला, बोलला, हसला, तर मधल्या थरांतल्या कोणाचे तरी पाय घट्ट रोवलेले आहेत, एवढे ध्यानात असू द्या. आणि कधी फोन करावाच लागला, तर आवाज जरा खालचा लावा.