निरोपावर जकात कशासाठी?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला आणि सोलापूर जिल्ह्यातील माढा, मोहोळ, करमाळा तालुक्यांतील गावे पाण्याने वेढली गेली. अशा आपत्तीत वीज जाते, विजेपाठोपाठ मोबाइल मनोऱ्याच्या बॅटऱ्या संपतात आणि खिशात यंत्र असूनही माणूस मुका होतो. चार घरांपलीकडच्या फोनकडे जाणारा निरोपही दूरच्या मनोऱ्यावरूनच गेला पाहिजे, अशी ही व्यवस्था! हा काही निसर्गनियम नव्हे. मनोरा हा कंपनीचा जकातनाका आहे आणि नाका चुकवणारी वाट असू नये, यातच तिचे हित आहे. सत्तेलाही हा नाका सोयीचाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद करावयास एक हुकूम पुरेसा ठरला.

नाक्यावाचून वाट असू शकते. मनोऱ्याविना चालणाऱ्या फिरत्या बिनतारी जाळ्याचे प्रयोग अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर १९७० च्या दशकातच झाले. त्यात प्रत्येक यंत्र बोलणारेही असते आणि निरोप्याही. ज्याला निरोप धाडावयाचा तो शेजाऱ्यास विचारतो, ‘अमक्याकडची वाट कोणास ठाऊक आहे?’ शेजारी आपल्या शेजाऱ्यास विचारतो. उत्तर त्याच साखळीने परत येते. प्रत्येकाने केवळ पुढचे पाऊल लक्षात ठेवावयाचे. दुवा निखळला की तशी वर्दी मागे जाते व नवी वाट शोधली जाते. ‘एओडीव्ही’ नावाची ही पद्धत २००३ पासून सर्वांस खुली आहे. साखळी सलग जुळत नसेल तेथे निरोप जवळ बाळगावा आणि भेटेल त्याच्या हाती द्यावा, ही रीतही २००० साली मांडली गेली.

मग अडते कोठे? दुसऱ्याचा निरोप वाहताना स्वतःची बॅटरी खर्च होते. जो तो परक्याचा निरोप टाकून देऊ लागला, तर जाळे कोसळते. यावर २००१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तोडगा सुचविला: निरोप वाहणाऱ्या यंत्रास आभासी नाणी मिळावीत आणि स्वतःचा निरोप धाडताना ती खर्ची पडावीत. बाजारी तत्त्वज्ञानाचे याहून प्रांजळ दर्शन क्वचितच घडेल! जाळ्याच्या मध्यभागी असलेल्याकडून सर्वांचे निरोप जाणार, त्याची थैली भरणार. कडेला असलेल्याकडून कोणाचेच जाणार नाहीत. त्याची थैली रिकामी, म्हणून त्याचे तोंडही बंद. आणि आपल्या खेड्यांत कडेला कोण राहते? गावकुसाबाहेरची वस्ती, ऊसतोड मजुरांच्या झोपड्या, नदीकाठचा भूमिहीन. पाणी प्रथम ज्याच्या दारात शिरते, त्याचाच निरोप शेवटी!

परोपकारावर व्यवस्था उभी राहत नाही, असे व्यवहारी मंडळी म्हणतील. त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवावा. तेथे धावून गेलेल्या हौशी बिनतारी संदेशकांनी परक्यांचे निरोप पोचविले. त्या परवान्याची अटच अशी, की निरोपाचा मोबदला घेता येत नाही. म्हणजे नाणे नव्हे, नियम हा पाया होऊ शकतो. ज्याला जाळे वापरावयाचे त्याने दुसऱ्याचा निरोप वाहिलाच पाहिजे, हा नियम यंत्रातच घालता येतो. आणि बॅटरीचा भार एकट्या गरिबावर पडू नये, ही समाजाची जबाबदारी.

फोनाफोनांतील थेट पल्ला तोकडा असतो, प्रत्येक टप्प्यागणिक वेगही घटतो, हे खरे. म्हणूनच नुसत्या फोनांवर विसंबून चालणार नाही. शाळा, ग्रामपंचायत, पाण्याची टाकी यांवर सौरऊर्जेवर चालणारी सार्वजनिक पुनर्प्रक्षेपक यंत्रे हवीत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांस परवानामुक्त आहे. लिलावाची गरज नाही, जिल्हा परिषदेच्या इच्छेची आहे. सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रयोगशाळेबाहेर पडून सीनाकाठी हे काम हाती घ्यावे.

कार्यकर्त्यांनी मात्र ठरावाची वाट पाहत बसू नये. कोणती वस्ती साखळीबाहेर राहते, कोणत्या छपरावरून कोणते छप्पर दिसते, याची नोंद पायी फिरूनच होते. ती पुढच्या पावसाळ्याआधी व्हावी, आणि तिची सुरुवात गावाच्या कडेपासून व्हावी.