राबाचा धूर, गाडीचा धूर

"बॉस, रविवारी प्लॉट बघायला येतोस का?" असा फोन आला की समजावं, मित्राचं प्रमोशन झालंय. मे महिना, सकाळी साडेसहा, ठाण्याहून निघालो ते थेट आटगाव. (कसारा लोकलने स्वस्तात पोचलो असतो, पण नवी गाडी दाखवायची होती, त्याला काय करणार!) मित्राचं गणित पक्कं होतं. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. म्हणजे इथे एक एनए प्लॉट घेतला की लाइफ सेट. वर शुद्ध हवा फ्री.

स्टेशन मागे टाकून आत वळलो तर समोर धूरच धूर. शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून कोणीतरी पेटवून दिलेलं. मित्राने काचा वर घेतल्या, एसी वाढवला. "बघ! आपण ऑफिसात कार्बन फूटप्रिंटवर प्रेझेंटेशनं द्यायची आणि इथे खुशाल जाळायचं!" बांधावर साठीचे एक काका उभे होते. काच खाली करून त्याने त्यांनाही हेच, जरा गोड शब्दांत ऐकवलं.

काका शांतपणे म्हणाले, "राब भाजतोय, साहेब. तुमची गाडी काय उदबत्तीचा धूर सोडते का?"

मी हसलो. मित्र हसला नाही.

राब म्हणजे काय, हे भात फक्त ताटात पाहिलेल्यांसाठी सांगतो. शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्याआधी रोपांची जागा भाजून घेतात. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटून कवळं बांधून ठेवायची, मग शेण, कवळं, गवत असे थर देऊन वर माती टाकायची आणि पेटवायचं. तणाचं बी जळतं, राख खत होते, पाऊस पडला की तिथेच भात पेरायचा. यावरून सरकारशी खटके उडाले तेही आजचे नाहीत. इंग्रजांनी जंगलं राखीव करायला घेतली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. झाडं छाटायची की नाही, हा राबाचा प्रश्न त्यात होताच.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. दोन्ही धुरांत कार्बन डायऑक्साइड आहे आणि रेणूवर काही 'मेड इन आटगाव' असा शिक्का नसतो. फरक आहे तो कार्बन आला कुठून, याचा. झाड कशापासून बनतं असं विचारलं तर बहुतेक जण 'मातीपासून' म्हणतात. शाळेत मार्क मिळवूनही म्हणतात! माती देते पाणी आणि चिमूटभर क्षार. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ अर्धा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतला. काकांच्या ऐनाने गेल्या पावसाळ्यात हवेतून जो घेतला, तो काकांनी मेमध्ये हवेला परत केला. झाड जिवंत आहे, त्याला पुन्हा पालवी फुटणार, पुन्हा तो घेणार. वर्षाची उधारी. उधार घेतलं, फेडलं, पुन्हा घेतलं.

पेट्रोलचं तसं नाही. तो कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातल्या सूक्ष्म जिवांनी घेतलेला कार्बन. जमिनीखाली गाडला गेलेला, खेळातून बादच झालेला. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ठाणे-आटगाव जाऊन-येऊन, थोडं भटकून आम्ही आठेक लिटर जाळलं असेल. म्हणजे १८ किलोच्या वर, आणि तो परत खाली नेणारं कोणी नाही.

जगभराचा हिशेब असाच आहे. जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला साधारण १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात. त्यांच्या श्वसनातून, कुजण्यातून, आगीतून जवळपास तेवढाच परत जातो. आपण कोळसा, तेल, गॅस जाळून टाकतो तो १० अब्ज टन. किरकोळ वाटतो ना? पण ते १२० जाऊन-येऊन असतात आणि हे १० फक्त येतात. त्यातला साधारण अर्धा समुद्र आणि जंगलं मुकाट्याने गिळतात, उरलेला साठत जातो. हवाईमधल्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ च्या आसपास होते. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. गंमत म्हणजे हा आलेख दरवर्षी मेमध्ये वर चढतो आणि नंतर सप्टेंबरपर्यंत उतरतो, कारण उत्तर गोलार्धात झाडं पानं धरतात. त्यात सिंहाचा वाटा उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या जंगलांचा. आटगावच्या ऐनाचा खारीचा. पण मेमध्ये खराट्यासारखं दिसणारं तानसाभोवतीचं जंगल ऑगस्टमध्ये पाहा, म्हणजे हा श्वास डोळ्यांना दिसतो.

उच्छ्वासही असतो हं. पहिल्या पावसाच्या ज्या वासावर आपण स्टेटस टाकतो, तो मातीतल्या जिवाणूंचा प्रताप. सुकलेली माती भिजली की ही मंडळी जागी होऊन जेवायला बसतात आणि जमिनीतून कार्बन डायऑक्साइड भसकन बाहेर येतो. पुढे पाणी तुंबलेल्या भातखाचरात हवाच नसते, तिथले जिवाणू मिथेन सोडतात. तेव्हा शेतकरी म्हणजे संत आणि आपण पापी, असं काही मी म्हणत नाहीये. राबाचा धूर छातीला वाईटच. दरवर्षी छाटलेला ऐन खुरटा राहतो आणि खुरट्या झाडात कार्बनही कमीच. राब न भाजता गादीवाफ्यावर रोप करणारे शेतकरी आहेतच. पण काकांची उधारी ऐन उभा आहे तोवरच फिटते. ऐन मुळासकट गेला तर खातंच बंद.

प्लॉट छान होता. मागच्या कुंपणाला लागून चार ऐन, मगरीच्या पाठीसारखी साल, फांद्या छाटून छाटून गाठाळलेले. एजंट उत्साहाने म्हणाला, "हे काढून क्लीन करून देऊ सर, मस्त लॉन बसेल."

मित्राने टोकन दिलं. येताना गाडीत एसी बंद होता, का ते मी विचारलं नाही. परवा त्याचा मेसेज आला : "त्या चार झाडांचं काय करू? एजंटला शुक्रवारपर्यंत सांगायचंय." मी कळवलंय, आधी ऑगस्टमध्ये एकदा येऊन बघ. आणि लोकलने ये.

दोन ब्ल्यू टिक आल्यात. उत्तर नाही.