नंबर तपासला, डोळे तपासले का?

दर नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारक हयातीच्या दाखल्यासाठी शाखेत येतात. डिजिटल दाखल्याची सोय झाली असली, तरी अनेक ज्येष्ठ ग्राहक काउंटरवर येऊन सही करणेच पसंत करतात. कुणाची सही चौकटीबाहेर जाते, कुणी फॉर्म अगदी नाकाशी धरतो. ‘‘चष्म्याचा नंबर वाढलाय, साहेब,’’ असे हसून सांगितले जाते. पूर्वी मीही ते खरे मानीत असे.

माझ्या वडिलांनी दोन वर्षांत दोनदा चष्मा बदलला. दोन्ही वेळा दुकानातच नंबर काढला. समोरचे अक्षर स्वच्छ दिसे. पण चालताना बाजूच्या वस्तूंना धक्का लागे. वयाचा परिणाम म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. अखेर नेत्रतज्ज्ञांनी काचबिंदूचे निदान केले. या विकारात बहुधा डोळ्यातील दाब वाढून, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला इजा होते. बहुतेकदा सुरुवातीला काही जाणवत नाही आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली जपण्यासाठी बाबा आज नेमाने औषधाचे थेंब घालतात.

कर्जप्रकरण मंजूर करताना आम्ही प्रत्येक कागद बारकाईने पाहतो. मग डोळ्यांचा डॉक्टर केवळ शेजाऱ्याच्या शिफारशीवर किंवा जाहिरात पाहून का निवडावा?

प्रथम पात्रता पाहावी. चष्म्याचा नंबर ऑप्टोमेट्रिस्ट काढू शकतो. परंतु रोगाचे निदान व शस्त्रक्रिया यांसाठी एमबीबीएसनंतर नेत्रविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असलेला डॉक्टरच हवा. दुसरे, तपासणी कशी होते ते पाहावे. चाळिशीनंतर डोळ्यातील दाब मोजणे आणि थेंब घालून, बाहुली मोठी करून आतील पडदा पाहणे महत्त्वाचे असते. मधुमेही व्यक्तींनी तर पडद्याची तपासणी साधारणपणे दरवर्षी करून घ्यावी.

तिसरे, प्रश्न विचारण्याचा संकोच नसावा. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबण्याचे दिवस गेले. दैनंदिन कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. ती आत्ताच का, कोणते भिंग बसवणार, एकूण खर्च किती आणि विम्यातून किती मिळेल, हे आधीच समजून घ्यावे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यास सच्चा डॉक्टर रागावत नाही.

जास्त खर्च म्हणजे चांगला उपचार, हे समीकरणही खरे नव्हे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांवर सुरू केलेले अरविंद नेत्र रुग्णालय आज जगभर अभ्यासले जाते. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून तेथे असंख्य गरिबांवर विनामूल्य उपचार झाले आहेत.

आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतील मंडळींनी आणखी एक पथ्य पाळावे. काचबिंदूसारखा विकार आयुष्यभर देखरेख मागतो. म्हणून नियमित जाता येईल असा जवळचा डॉक्टर निवडावा आणि गाव बदलताना सर्व अहवालांची फाइल सोबत न्यावी.

वर्षातून एकदा आपण हयातीचा दाखला देतो. त्याच महिन्यात डोळ्यांचीही तपासणी करून घेतली, तर पुढच्या वर्षीची सही चौकटीतच होईल, अशी आशा बाळगता येईल.