विलीनीकरण कागदावर, माल रुळावर

१/ आजची महात्मा फुले मंडई १८८६ साली पुण्यात ‘रे मार्केट’ या नावाने उघडली. त्याच सुमारास सदर्न मराठा रेल्वे पुणे-मिरज मार्ग उभारत होती. कंपन्या एकत्र झाल्या की मालवाहतूक आपोआप वाढते, हा समज या मार्गाच्या इतिहासाशी ताडून पाहावा.

२/ पुण्यात जीआयपी रेल्वेचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतराचे, तर मिरजेकडचे मीटरगेज १००० मिलिमीटरचे. त्यामुळे मिरजेकडून मुंबईला जाणारा माल पुण्यात एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. हमाली वाढे, वेळ जाई. नाशवंत मालाला हा विलंब परवडणारा नव्हता.

३/ १९०८ साली सदर्न मराठा व मद्रास रेल्वे एकत्र आल्या. १९५१ साली सरकारी विलीनीकरणातून दक्षिण आणि मध्य रेल्वे हे विभाग निर्माण झाले. मालक बदलले, पाट्या बदलल्या. रुळांमधील अंतर मात्र तेच राहिले. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज होण्यास १९७१ साल उजाडले.

४/ बार्शी लाइट रेल्वेची कथा अधिक बोलकी आहे. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी असा सुरू झालेला हा ७६२ मिलिमीटरचा मार्ग पुढे लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत पोचला. १९५४ साली तो सरकारने विकत घेऊन मध्य रेल्वेत विलीन केला. तरी पंढरपूर-मिरज टप्पा २०१०च्या सुमारास ब्रॉडगेज झाला.

५/ विलीनीकरण निरर्थक असते असे नव्हे. एक दरपत्रक आणि एक जबाबदार यंत्रणा यांचे मोल मोठे आहे. परंतु कंपन्या सहीने जोडल्या जातात. रूळ जोडण्यास पैसा आणि इच्छाशक्ती लागते.

६/ शिवाय १९८०च्या दशकात रेल्वेने सुट्या मालाऐवजी संपूर्ण मालगाडी भरणाऱ्या ग्राहकांवर भर दिला. मंडईतील गाळेवाल्याला डाळिंबांच्या चार पेट्या हव्या असतात. त्याला अख्खी मालगाडी काय कामाची? तो ट्रककडे वळला.

७/ उलट उदाहरण सांगोल्याचे. बार्शी लाइटच्या जुन्या वाटेवरील याच स्थानकातून २८ डिसेंबर २०२० रोजी शंभरावी किसान रेल्वे पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. रूळ सलग होते आणि थोडा माल स्वीकारण्याची सोयही होती, म्हणूनच हे शक्य झाले.

८/ २०२५ साली महाराष्ट्राने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली. तेथे गेजचा प्रश्न नाही. बव्हंशी एकेरी असलेल्या मार्गाचा आहे. दुसरा रूळ पडला आणि रत्नागिरीच्या बागायतदाराच्या मोजक्या पेट्यांना गाडीत जागा मिळाली, तरच हे विलीनीकरण सफल म्हणावे. अन्यथा ती १९०८ आणि १९५४ची पुनरावृत्ती ठरेल.