आधीं कोणती शिवण?

शिवणकामांत आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकानें लुडबूड करूं नये, असें आमच्या घरच्या मंडळींचें स्पष्ट मत आहे. आणि पुढील हकीकत वाचल्यावर वाचकांचेंही तेंच मत होईल, अशी आम्हांस भीति वाटते. तथापि चूक ज्याची, ती त्यानेंच सांगावी हें बरें. म्हणून या महिन्याचें सदर आम्हीं बिनबाह्यांच्या, अस्तर लावलेल्या झग्याच्या मुंढ्यांस वाहिलें आहे.

आमच्या सहा वर्षांच्या नातीसाठीं धाकट्या सूनबाईंनीं एक झगा बेतला होता. पुतण्याकडील मुंजींत तिनें तो घालावयाचा होता. वरचें कापड रेशमी, जरीच्या बुंद्यांमुळें अंगास टोंचणारें. म्हणून आंतून मऊ मलमलीचें अस्तर. बाह्या नाहींत, आणि पाठ मधोमध उघडी, बटणांनीं लावावयाची. उघड्या मुंढ्याचा कांठ नीट बसला नाहीं, तर लहान मुलांच्या बगलेंत तो दिवसभर घासतो आणि संध्याकाळपर्यंत लाल रेघ उठते, हें घरांतील बायकांस ठाऊक असतेंच. म्हणून मुंढे आंतून असे बंद करावे कीं एकही धागा अंगास लागूं नये, अशी सूनबाईंची इच्छा होती.

नमुन्याच्या कागदाबरोबर एक इंग्रजी चिठी होती. ती वाचून सांगण्याचें काम आमच्याकडे आलें. चिठींत ओळीनें लिहिलें होतें : खांदे, बाजू, गळा, मुंढे. आम्हीं वर्गांत पाठ सांगावा तसा खणखणीत आवाजांत तो क्रम सांगितला. सूनबाईंनीं एकदां विचारलें, “मामंजी, बाजू आधीं जोडल्या तर मग उलटावयाचें कसें?” आम्ही म्हणालों, “छापणारानें विचार करूनच छापलें असेल.” त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत.

रात्रीं ९ च्या सुमारास गळा व मुंढे यंत्रावर शिवून झाले. झगा सुलट करावयास घेतला, तों तो उलटेना. इकडून ओढा, तिकडून ओढा, सगळा झगा खांद्याशीं गोळा होऊन बसला. आमच्या सौभाग्यवती तेथेंच होत्या. त्या सूनबाईंस म्हणाल्या, “यंत्राची एवढी घाई कशाला? हातानें मुंढे तुरपले असतेस तर ही वेळ आली नसती. आतां बैस सगळें उसवीत.” सूनबाईंनीं मान खालीं घातली. ‘मामंजींनीं सांगितलें’ हे दोन शब्द त्यांच्या ओठांवर आले असतील, पण बाहेर पडले नाहींत. आम्ही चार हातांवर वर्तमानपत्र उघडून बसलों होतों. तें आम्हीं खालीं केलें नाहीं.

झगा कां उलटला नाहीं, हें आतां सांगतों. वरचें कापड आणि अस्तर यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून गळा व मुंढे शिवले, कीं खांद्याची एक अरुंद नळी बनते. नळीच्या एका टोंकास पुढचा भाग, दुसऱ्या टोंकास पाठीचा. बाजू मोकळ्या आणि पाठ मधोमध उघडी असेल, तर पाठीचा एकेक अर्धा भाग त्या नळींतून पुढच्या भागाकडे ओढून घेतां येतो. आणि बाहेर येतांना तो आपोआप सुलट होतो. बाजू आधींच जोडल्या, तर पुढचा आणि पाठीचा भाग मिळून एकच पट्टा होतो. मग नळींतून ओढावयास मोकळें टोंकच उरत नाहीं.

खेद याचा, कीं हा नियम आम्ही बालपणीं शास्त्रीबुवांपाशीं शिकलों होतों. कर्मांचा क्रम कशावरून ठरवावा, याचीं मीमांसकांनीं सहा प्रमाणें सांगितलीं आहेत : श्रुति, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ति. यांत पाठापेक्षां अर्थ बलवान. त्याचें नेहमींचें उदाहरण अग्निहोत्राचें. वचनांत होम आधीं सांगितला आहे आणि यवागू, म्हणजे पेज, शिजविणें मागून. परंतु होम त्या यवागूनेंच करावयाचा असल्यामुळें, ती मागून सांगितली असली तरी आधीं शिजविली पाहिजे. आम्हीं हें उदाहरण पुढें कितीकांना समजावून दिलें असेल! आणि घरांत प्रसंग आला तेव्हां चिठींतील ओळीस चिकटून बसलों. दुसऱ्या दिवशीं चष्मा पुसून चिठी पुनः वाचली, तों ती क्रमाची यादी नव्हतीच. कोणत्या शिवणीस किती माया ठेवावी, याचें तें कोष्टक होतें.

खरा क्रम असा. अस्तर बेततांना गळ्याशीं व मुंढ्याशीं तें वरच्या कापडापेक्षां १/८ इंच, म्हणजे सुमारें ३ मिलिमीटर, कमी ठेवावें. शिवतांना दोहोंचे कांठ जुळवून घेतले कीं शिवण किंचित् आंत वळते आणि अस्तर बाहेरून डोकावत नाहीं. मुंढ्याची गोलाई कांहीं ठिकाणीं कापडाच्या उरेबांत येते, आणि उरेबांतील कापड हातांत धरलें तरी ताणतें. म्हणून बेतल्याबरोबर मायेंतून, शिवणीच्या रेषेलगत, एक धावदोरा घालावा. मग वरच्या कापडाचे खांदे जोडावे, अस्तराचे निराळे जोडावे, आणि त्या शिवणी उकलून इस्त्री करावी. बाजू आणि पाठ उघडीच ठेवावी. आतां सुलट बाजू समोरासमोर घेऊन गळा आणि दोन्ही मुंढे शिवावे. माया कातरून चिरा द्याव्या, पाठीचे दोन्ही भाग खांद्यांतून ओढून घ्यावे, आणि सर्वांत शेवटीं बाजू जोडाव्या. बाजू जोडतांना मुंढ्याची पुढची व मागची शिवण बगलेखालीं बरोबर जुळवून टांचणी लावावी. मग वरच्या कापडाची आणि अस्तराची बाजू मिळून एकच लांब टीप मारावी. असें केलें म्हणजे बगलेंत उघडा कांठ उरत नाहीं. पाठीच्या उघड्या कडा त्यानंतर दुमडून बंद कराव्या.

चिरा देण्याचा कंटाळा पुष्कळ जणी करतात. त्यांच्यासाठीं थोडें गणित. मुंढा पूर्ण वर्तुळ आहे आणि माया अर्धा इंच आहे असें धरा. माया मुंढ्याच्या पोकळींत असते तोंवर तिचा मोकळा कांठ शिवणीच्या परिघापेक्षां ३.१४ इंच आखूड असतो. झगा सुलट केला कीं तीच माया कापडाच्या आंत जाऊन बसते, आणि तेथें तिचा कांठ शिवणीच्या परिघापेक्षां ३.१४ इंच लांब हवा. एकूण तूट ६.२८ इंच! गंमत अशी, कीं मुंढा नातीचा असो वा आजीचा, तूट तेवढीच. कारण ती त्रिज्येवर अवलंबून नाहीं, केवळ मायेच्या रुंदीवर आहे. माया कातरून पाव इंच केली तर तूट निम्मी, ३.१४ इंच, होते. उरलेली चिरांनीं भरून काढावयाची : चीर उघडते तेवढा कांठ लांबतो. बगलेखालीं जेथें वळण अधिक तेथें चिरा जवळ जवळ द्याव्या, खांद्याकडे विरळ. प्रत्येक चीर टिपेच्या एकदोन धागे अलीकडे थांबवावी. टीप कापली तर झगा तेथेंच फाटावयाचा. चिरा न देतां उलटलेला मुंढा इस्त्रीखालीं कितीही दाबला तरी फुगून राहतो.

सौभाग्यवतींच्या हाताच्या तुरपाईस कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. बाजू जोडून गेल्या असतील आणि उसवणें नको असेल, तर दोन्ही कापडांची माया आंत दुमडून, कांठाशीं कांठ लावून, बारीक टांक्यांनीं मुंढा हातानें बंद करणें हाच चांगला उपाय. पाठ अखंड असलेल्या झग्यासही खांद्यांतून ओढण्याची ही युक्ति चालत नाहीं. फक्त त्या टांक्यांस वेळ आणि डोळे दोन्ही द्यावे लागतात.

त्या रात्रीं सूनबाईंनीं सगळें उसविलें नाहीं. बाजूच्या शिवणी आणि बगलेखालचा इंचभर मुंढा, एवढेंच त्यांनीं सोडलें. पाठीचे भाग खांद्यांतून ओढून घेतले आणि पहिल्याच रेषेवर पुनः टीप घातली; त्यामुळें रेशमांतील सुईचीं भोंकें टिपेखालीं झांकलीं गेलीं. काम संपलें तेव्हां १२ वाजून गेले होते. आम्ही जागे होतों. यंत्राचा आवाज थांबलेला आम्हीं ऐकला.

सकाळीं चहाच्या वेळीं सर्वांदेखत आम्हीं सांगितलें कीं बाजू आधीं जोडावयास आम्हीं सांगितलें होतें आणि सूनबाईंनीं शंका विचारली असतां ती उडवून लाविली होती. सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहून विचारलें, “मग रात्रीं त्या वर्तमानपत्रांत काय वाचीत होतां?” यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यांनीं सूनबाईंच्या पुढ्यांत पहिला पेला ठेवला आणि झगा दाखवावयास आणविला. मुंढ्यांवरून बोट फिरवून त्या म्हणाल्या, “हें मला शिकव.”

कबुली आम्हीं दिली खरी, पण ती उसवणीच्या आधीं द्यावयास हवी होती. दोन शब्द रात्रीं ९ वाजतां बोललों असतों तर एका माणसाचें मन तीन तास खालीं गेलें नसतें. क्रम चुकला तो येथेंही आमचाच.

मुंजीच्या दिवशीं नातीनें तो झगा सकाळपासून घातला होता. संध्याकाळीं काढतांना तिच्या आईनें बगल पाहिली. लाल रेघ नव्हती.