बुडणाऱ्याला हलकेपणा कशाला?

हलके असणे हा हल्ली सद्गुण मानला जातो. बॅग हलकी हवी, फोन हलका हवा, जेवण हलके हवे. पाकीट तेवढे आपोआप हलके होते, त्यासाठी वेगळी खरेदी करावी लागत नाही. माझी या कशालाच हरकत नाही. पण जी वस्तू मुळात बुडण्यासाठीच बनवायची, तिच्यातही हलकी बॅटरी घाला असे कोणी सांगू लागला, तर कॉमर्स ग्रॅज्युएट माणसाने गप्प कसे बसावे?

वस्तू म्हणजे रेडिओवर चालणारी पाणबुडी. खेळण्यातली. हा शब्द माझ्या भाच्यासमोर वापरायची सोय नाही, तो तिला 'मॉडेल' म्हणतो. भाचा लालबागला चाळीत राहतो आणि इंजिनिअरिंग शिकतो. प्लंबर वापरतात त्या ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा घेऊन त्याने पाणबुडीचा सांगाडा केला. बॅटरीसाठी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने लिथियमची बॅटरी अशी पुढे केली, की जणू चितळ्यांची बाकरवडीच.

"साब, लेटेस्ट है. हाथ में लेके देखो, वजन ही नहीं!"

"मामा, हीच घेऊ. एकदम हलकी आहे," भाचा म्हणाला.

"मग पाणबुडी बुडणार कशी?"

"त्यात काय? आत शिसं भरायचं."

म्हणजे पहा. जादा पैसे देऊन वजन कमी करायचे आणि मग आणखी पैसे देऊन तेवढेच वजन विकत आणायचे. असा व्यवहार आमच्या बँकेत कोणी केला असता, तर इन्स्पेक्शनवाल्यांनी त्याला चहासुद्धा पाजला नसता.

आर्किमिडीज हा माझ्या मते जगातला पहिला कॅशियर. त्याचा नियम सरळ आहे: वस्तूने बाजूला सारलेले पाणी एका रकान्यात, वस्तूचे वजन दुसऱ्या रकान्यात. पाण्याखाली तरंगत राहायचे तर दोन्ही बेरजा जुळल्या पाहिजेत. दोन फुटी पाइप साधारण पावणेसहा लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे पाण्याखाली गेलेल्या पाणबुडीचे वजन, आतली टाकी भरून, पावणेसहा किलो हवे. दहा ग्रॅम जास्त, तर तळाला. दहा ग्रॅम कमी, तर वर. 'किरकोळ फरक' खात्यात टाकून इथे सुटका नाही.

आता जमा-खर्च मांडा. पाइप, मोटर, पंप, रिसीव्हर आणि टाकीतले पाणी धरून फार तर तीन-साडेतीन किलो होतात. उरलेले दोन-अडीच किलो कुठून तरी आणायचेच आहेत. इमर्जन्सी लाइटमध्ये असते ती ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी साधारण पाऊण किलोची. अशा दोन जोडल्या की १२ व्होल्ट आणि दीड किलो वजन, दोन्ही एकाच पावतीवर. लिथियमवाल्याला वीज मिळते, पण वजनासाठी त्याला पुन्हा कोळ्याच्या जाळ्याचे शिसे शोधत ससून डॉकला जावे लागते. आमचे शिसे निदान वीज तरी देते. त्याचे शिसे आयुष्यभर नुसते बसून राहते. अशा नोकऱ्या असतात, नाही असे नाही, पण पाणबुडीत त्या निर्माण करायचे कारण नाही.

हे माझे एकट्याचे अर्थशास्त्र नाही. लालबागपासून हाकेच्या अंतरावर माझगाव डॉक आहे. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, आयएनएस शल्की, तिथूनच निघाली आणि १९९२ साली नौदलात दाखल झाली. त्याच डॉकमध्ये बांधलेली नवी कलवरी १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. तिच्यात बॅटरीचे ३६० सेल आहेत, एकेक ७५० किलोचा. सवयीने गुणाकार केला. २ लाख ७० हजार किलो, म्हणजे २७० टन! अख्ख्या पाणबुडीच्या वजनाचा सहावा-सातवा हिस्सा नुसती बॅटरी, आणि तीही शिशाचीच. तिथल्या इंजिनिअरांना लॅमिंग्टन रोडचा पत्ता माहीत नव्हता, असे थोडेच आहे?

यावर प्रतिपक्ष तीन मुद्दे काढतो. तिन्ही खरे आहेत, म्हणूनच उत्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा: त्याच वजनात लिथियम चार-पाच पट वीज देते. कबूल. पण एवढी वीज घेऊन जायचे कुठे? गिरगाव चौपाटीवर पाणबुडी सोडता येत नाही, कारण खारे पाणी रेडिओच्या लहरी गिळून टाकते. पाणबुडी खाली गेली की तिचा आपला संबंध संपला. गोड्या पाण्याचा तलाव हवा. तो मुंबईत एक तर देवाचा असतो, नाही तर महापालिकेचा. दोन्हीकडे आपल्याला हाकलायला माणूस नेमलेला आहे. मोटरने तीन अँपिअर ओढले तरी शिशाची जोडी साधारण तासभर चालते. तासभर कोणी हाकलले नाही, असे अजून झालेले नाही.

दुसरा मुद्दा जपानचा. जपानने 'ओर्यू' या पाणबुडीत लिथियम बसवले आणि २०२० साली ती नौदलात दाखल केली. बसवले, पण आधी वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन. आपण चाचणी घेतो ती दुकानात, बल्ब पेटतो का बघून.

तिसरा मुद्दा गंभीर आहे. शिसेही निर्दोष नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे सिंधुरक्षक पाणबुडीच्या बॅटरीच्या भागात आग लागली आणि एका नौसैनिकाचा प्राण गेला. बॅटरीच्या सदोष व्हॉल्व्हमधून हायड्रोजन गळाला, असे कारण नौदलाने दिले. शिशाची बॅटरी चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज झाली तर, हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते. दुकानातली 'सीलबंद' बॅटरीही याला अपवाद नाही. म्हणून पाणबुडीचे झाकण उघडे ठेवूनच चार्जिंग करायचे. ही अट मी लहान अक्षरांत छापत नाही.

बसवण्याचे शास्त्रही छोटे आहे. बॅटरी पाइपच्या अगदी तळाशी हवी, म्हणजे पाणबुडी सरळ राहते. वर बसवली तर ती पहिल्याच बुडीत कूस बदलते. ही बॅटरी आडवी झोपवता येते, उलटी मात्र ठेवू नये. खाली रबराची पट्टी घालून तिला पट्ट्याने करकचून बांधायचे. नाही तर पाणबुडीने नाक खाली केले की बॅटरी पुढे घसरते, नाक आणखी खाली जाते, आणि मग भाच्याला पाण्यात उतरावे लागते. फ्यूज घालायचा तो बॅटरीच्या अगदी जवळ. आणि वीज अर्धीच राहिली तर ठेवून द्यायची नाही, घरी आल्याबरोबर चार्ज करायची. शिशाची बॅटरी उपाशी ठेवली की कायमची आजारी पडते.

शिवाय मिनिमम बॅलन्स! या दोन शब्दांवरून खातेदारांनी मला आजवर काय काय सुनावले आहे! पण पाणबुडीत त्याची किंमत कळते. खाली जायला वीज लागते आणि वर यायलाही लागते. बॅटरी उतरली की आधी रिसीव्हर मुका होतो, मग पंप, आणि तळाशी पडून राहते ती आपली सहा महिन्यांची मेहनत. म्हणून व्होल्टेज ठराविक आकड्याखाली गेले की पाणबुडी आपोआप वर येईल, असे छोटे सर्किट बसवायचे. भाच्याने ते बसवले. मी त्याला दंड आकारायचीही सोय सुचवली होती.

आता मुख्य तक्रार. नवी लिथियम महाग पडते म्हणून पोरे जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातले सेल काढतात, मिळेल त्या चार्जरला लावतात आणि झोपतात. या सेलला ४.२ व्होल्टच्या वर न्यायचे नसते. सेल बिघडलेला असेल, दबलेला असेल किंवा जास्त चार्ज झाला, तर तो तापतो. मग शेजारचा तापतो. मग जे होते ते बादलीभर पाण्याने आटोपत नाही. गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या चाळी लाकडाच्या आहेत. मजल्यावर पंधरा-वीस बिऱ्हाडे, गॅलरीत झोपलेली म्हातारी माणसे, आणि उतरायला लाकडी जिना एक. तलावात दहा मिनिटे जास्त फिरण्यासाठी त्या जिन्याशी जुगार खेळायचा? पोरे हौशी आहेत, हुशार आहेत. राग येतो तो 'कुछ नहीं होता साब' म्हणून सुटे सेल वजनावर विकणाऱ्यांचा, आणि मुलगा शास्त्रज्ञ झाला म्हणून कौतुकाने दिवा मालवून झोपणाऱ्या बापांचा.

लिथियम घ्यायचेच असेल तर नवे घ्या, त्याचाच चार्जर घ्या, लादीवर ठेवा आणि चार्ज होईपर्यंत शेजारी जागे बसा. एवढे जागरण नको असेल तर शिसे आणा. ते मंद आहे, जुन्या वळणाचे आहे, आणि फ्रान्सच्या प्लान्तेने १८५९ साली ते कामाला लावले तेव्हापासून त्याने वजन फारसे कमी केलेले नाही. पण जड वस्तू योग्य जागी, तळाशी घट्ट बसवली की सगळा डोलारा सरळ राहतो.

आमच्या बँकेलाही हे तत्त्व ठाऊक असावे. वीस वर्षे मला तिने एकाच काउंटरवर बसवले आहे.