आठची गोळी, बाराचे जेवण

धानाची कापणी आटोपून थंडी पडू लागली, की आपल्या भंडारा जिल्ह्यात मित्रमंडळींच्या रात्रीच्या पार्ट्यांना भर येतो. कुणाच्या शेतावर, नाहीतर तलावाच्या पाळीवर चूल पेटते. रोहू किंवा मरळ, तर्रीदार रस्सा, गरम भात. जमायचे ठरते साडेसातला, मसाला वाटेपर्यंत नऊ वाजतात आणि पहिला घास पोटात जातो तेव्हा बारा वाजत आलेले असतात.

मित्रांसोबत निवांत बसण्याला माझा विरोध नाही. पन्नाशीनंतर तर ते औषधच आहे. हरकत आहे ती वेळेची. धडधाकट माणसाला फार तर रात्रभर आंबट ढेकर येतील. (मोठ्या शहरांत हल्ली सुशी, म्हणजे शिरक्याच्या भातासोबत बहुधा कच्चा मासा, खाण्याची हौस आहे. पाहुणा आलेला भाचा तलावाच्या माशावर तसा प्रयोग करू म्हणाला तर त्याला आवरावे. गोड्या पाण्यातील माशात कृमी असू शकतात आणि शिरक्याने ते मरतीलच असे नाही. आपला उकळता रस्साच बरा.)

मधुमेही माणसाची गोष्ट मात्र वेगळी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. गडी रोजच्या सवयीने आठला गोळी घेऊन निघतो. पोटात अन्न गेले की नाही, हे गोळीला कळत नाही. ती आपले काम करते आणि रक्तातील साखर उतरू लागते. जेवणाआधीच्या इन्सुलिनचेही तेच. एरवी अशा वेळी यकृत नवी साखर तयार करून सांभाळून घेते. पण दारू यकृताचे नेमके तेच काम अडवते. वर चकण्याला नुसती मासळी, जिच्यात साखर वाढवणारे काहीच नसते!

मग दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. पुढे बोलणे असंबद्ध होते, तोल जातो. मित्र म्हणतात, "भाऊला आज जास्त झाली," आणि त्याला खाटेवर निजवून पुन्हा गप्पांत रमतात. खरा घात इथेच होतो. झोपलेला तो माणूस बेशुद्धीत जात असतो.

अशा वेळी यंत्र असेल तर साखर तपासावी. 70 च्या खाली म्हणजे कमी. यंत्र नसेल तर वाट न पाहता तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा पाजावी आणि नंतर भात खाऊ घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर वळवून 108 ला फोन करावा.

जेवण लांबणार असेल तर गोळी ताट समोर आल्यावर घ्यावी की कसे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. सोबतच्या एका तरी मित्राला आपला आजार सांगावा. आणि साखर पाजल्यावर माणूस उठून बसला, तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो. पहाटे साखर पुन्हा उतरू शकते, आणि तेव्हा सगळे झोपेत असतात.